जादा किल्ली

किल्ल्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली कानस म्हणायची. अंग तसंच सडपातळ, आवाज तसाच खरखरीत. पण सचोटी अशी, की लोक घराची कुलपं त्याच्या हाती बिनघोर द्यायचे. उस्तादांची शिकवणच होती: गिऱ्हाइकाची किल्ली बनवणाऱ्याने जादा किल्ली स्वतःकडे ठेवायची नाही. हे त्याने इतकं मनावर घेतलं होतं, की त्यापायी एकदा चांगलाच गोत्यात आला.

उस्ताद गेले. मृत्युपत्रात घर मुलीला, दुकान कानसला. आणि एक्झिक्यूटर, म्हणजे ज्याचं त्याला नीट पोहोचवणारा माणूस, तोही कानसच. झालं! वाटणाऱ्यानेच आपला वाटा उचलायचा? तळं राखील तो पाणी चाखील, असं लोक म्हणणारच. मिसरूड फुटलं तेव्हापासून ज्या स्टुलावर बसला, ते सोडायचं म्हटल्यावर त्याला घास उतरेना. तरी एका सकाळी दुकानाची किल्ली घेऊन तो उस्तादांच्या मुलीकडे गेला.

"ताई, हे तुमचं."

"माझं? अरे, मला दाराची कडी धड लावता येत नाही!" ताईने त्याला हाताला धरून थेट वकीलबाईंकडे नेलं.

वकीलबाई हसल्याच. "अहो, एक्झिक्यूटरला खुशाल वाटा घेता येतो. बहुतेकदा घरचाच माणूस असतो तो. अडचण होते ती साक्षीदाराची, त्याला दिलेला वाटा रद्द होऊ शकतो. साक्षीदार म्हणून सही केलीत का तुम्ही?"

"छे! मला तर बाहेर काढलं होतं."

मृत्युपत्रावर सह्या झाल्या त्या दिवशी शेजारचे न्हावी आणि शिंपी आत बसले होते, आणि उस्ताद याच्यावर खेकसले होते, "तू इथे कशाला? जा, शाळेच्या फाटकाचं कुलूप बघून ये." कुलूप ठणठणीत होतं. परक्यांना आत बसवलं आणि मला हाकललं, हे त्याला तेव्हापासून सलत होतं.

"त्या दोघांना काही मिळायचं नव्हतं, म्हणून ते चालले," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला मिळायचं होतं. मीच उस्तादांना बजावलं होतं, त्या पोराला सहीपासून लांब ठेवा."

कानसचा जीव भांड्यात पडला. मग तो तिथेच, दोन बायकांसमोर, घळाघळा रडला.

दुपारी त्याने दुकान उघडलं आणि आपल्या स्टुलावर बसला.

"नीट सांगायचं तरी!" उस्तादांच्या रिकाम्या खुर्चीवर तो खेकसला, अगदी त्यांच्यासारखाच.