नऊच्या जेवणासाठी कापलेला सिनेमा

दुबईच्या अल कुसैसमधल्या आमच्या मराठी मंडळींचा एक नियम आहे: काहीही होवो, नऊला पानं वाढलीच पाहिजेत. महिन्यातल्या एका शनिवारी कुणाच्या तरी घरी पडदा लावून आम्ही सिनेमा बघतो, पण तो नुसता जेवणापर्यंतचा वेळ काढायला. या वेळी निवड माझी होती आणि मी हट्टाने एक जुना जपानी सिनेमा निवडला.

हट्टाचं कारण सोफ्यावर पाय पसरून बसलं होतं. बारावीतल्या माझ्या मुलाने भारतात जाऊन सैन्यात भरती व्हायचं ठरवलंय. इथेच वाढलेला तो. सैन्य म्हणजे त्याला कडक इस्त्रीचा गणवेश आणि मोबाइलवरची संचलनं. जाऊ नकोस असं मी म्हणणार नव्हते. पण अर्ज भरण्याआधी त्याने हा सिनेमा बघावा, यातच माझा जीव अडकला होता. त्यात वाजतगाजत लढाईवर पाठवलेला मुलगा परत येतो आणि आई त्याला विचारते, "तिथे तू काय केलंस?" पुढचा सगळा सिनेमा म्हणजे त्याने दिलेलं उत्तर.

पडद्यावर गावाने निरोप दिला, बिगूल वाजलं, लढाई झाली, मुलगा बोटीतून उतरला. आणि दिवे लागले. टाळ्यासुद्धा पडल्या!

"अहो, पुढचा सिनेमा कुठाय?" मी ओरडलेच.

प्रोजेक्टर सांभाळणारे गृहस्थ वायर गुंडाळत होते. "वहिनी, मी आधी चेक केला ना. सेकंड हाफ एकदम स्लो हो, नुसती रडारड. म्हटलं ट्रिम करू. आता यल्ला, जेवायला चला!"

युद्धाला शिव्या घालणाऱ्या सिनेमाची या भल्या माणसाने भरतीची जाहिरात करून टाकली होती, आणि वर शाबासकीची वाट बघत होता. एक बाई मला पुऱ्या वाढता वाढता म्हणाली, "जपान्यांची शिस्त बघितलीत ना?" माझं डोकं फिरलं होतं, पण चिडून उपयोग नव्हता. कुणाला काही चुकल्यासारखंच वाटत नव्हतं.

परतताना गाडीत मुलगा खुशीत होता, बोटांनी संचलनाचा ठेका धरत होता. मी म्हटलं, "घरी गेल्यावर उरलेला भाग बघू. खरा सिनेमा तोच आहे."

"इट्स ओके, आई," तो म्हणाला. "ही केम होम, राइट?"