सहा देवांचा ठेकेदार

पुनाजी नाल्याकाठी बसलेला दिसला की समजावं, गडी पूल बांधून राहिला. हातात काही नसायचं. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ पुटपुटत असलेले. दगड बसले, कमान उतरली, वरून गाड्या जायला लागल्या की तो आपल्याशीच हसायचा. सेलूतल्या माझ्या दुकानात आला की मी चिडवायचो, "काय पुनाजी, कुठवर आला पूल?" तो गंभीरपणे सांगायचा, "पल्याडची भित झाली, ताराशेट. आता मुरूम टाकाचा राह्यला."

पल्याड त्याची लेक गंगा दिली होती. इथून हाक मारली तर तिकडे ऐकू जावी इतक्या जवळ, पण पावसाळाभर नाला आडवा. तिचं पहिलं पोर श्रावणात झालं आणि पोळ्याआधीच गेलं. पुनाजीला त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही. तेव्हापासून त्याला हा नाद लागला.

तसा तो नुसता स्वप्नाळू नव्हता. दुसऱ्या ठेकेदारांच्या हाताखाली त्याने उभी जवानी सडका करण्यात घातली होती. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्याच नाल्यावर पूल मंजूर झाला. लहान कामं गावच्या माणसांनाही मिळणार होती, फक्त ठेकेदारीचा परवाना हवा. पुनाजीचा जामीन म्हणून मी त्याच्यासोबत वर्ध्याला गेलो. रस्ताभर तो बैलगाडीत डोळे मिटून बसला होता. बहुतेक कठडे बांधत असावा.

कचेरीत अण्णाजी नावाचे कारकून होते, भला माणूस. त्यांनी आधीच समजावलं, "साहेब सगळं विचारतील. आधी कुठं काम केलं, कधी शिक्षा झाली का, खात्यात कोणी नातेवाईक आहे का. नातेवाईक असला तर परवाना अडतो. तुझं कोणी नाही ना? मग 'नाही' म्हण, अंगठा दे, मोकळा हो."

बाहेर कडुनिंबाखाली बसलो. तिथला चपराशी पाणी घेऊन आला. साहेबांपासून अण्णाजींपर्यंत सगळे त्याला 'ए' म्हणून हाक मारायचे. त्याने पुनाजीकडे निरखून पाहिलं आणि गोंडांची पहिल्या भेटीतली विचारपूस केली, "किती देवांचे?"

"सहा."

"आमीबी सहा. मी जंगलू."

झालं! कुळाच्या देवांची संख्या सारखी म्हणजे भाऊ. जन्मात तोंड पाहिलेलं नसलं तरी भाऊ. दोघं एका लोट्यातून पाणी प्यायले आणि मला विसरून आपल्या बोलीत बोलत बसले.

आत बोलावणं आलं. जंगलू दाराशी उभा. पुनाजीने सगळी उत्तरं चोख दिली. मग साहेबांनी विचारलं, "खात्यात कोणी नातेवाईक?"

पुनाजीने दाराकडे पाहिलं. जंगलूने हळूच मान हलवली, नाई म्हन.

"हाव, आहे ना," पुनाजी म्हणाला. "हा जंगलू. माहा भाऊ होय."

मी कपाळावर हात मारला. साहेब चमकले. "सख्खा?"

"देवाचा भाऊ, साहेब."

अण्णाजींनी साहेबांना हलक्या आवाजात उलगडून सांगितलं. साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "अरे, हे नातं कायद्यात बसत नाही. 'नाही' म्हण, मी आत्ता सही करतो."

"आहे त्याले नाई कसा म्हनू, साहेब?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. प्रकरण वर पाठवतो म्हणाले. वर गेलेलं ते खाली कधी आलंच नाही.

परतताना मी फार चिडलो. "एक शब्द, पुनाजी! एका शब्दासाठी पूल घालवलास. पोरीचा तरी विचार करायचा होता!"

गंगाचं नाव काढताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "पूल त दुसराबी कोनी बांधीन, शेटजी. जंगलूच्या तोंडावर भावाले नाई म्हनलं असतं, त मंग त्याले भाऊ कोन म्हनीन?"

ठेका वर्ध्याच्या एका ठेकेदाराला मिळाला. त्याने साहेबांपुढे 'कोणी नाही' म्हणून सांगितलं होतं. त्याचा सख्खा साळा त्याच कचेरीत बसून नकाशे काढत होता. पुनाजी त्या पुलावर मजुरीला गेला. डोळे मिटून जो दगड त्याने कितीदा बसवला होता, तो आता दुसऱ्याच्या हुकमाने बसवत होता. मला ते बघवत नव्हतं. तो मात्र पूर्वीसारखाच हसायचा.

दुसऱ्या वर्षी, पूल झाल्यावर, श्रावणात गंगा बाळंत झाली. नाला दुथडी भरला होता आणि पुनाजी पुलावरून, भिजत, नातवाला पाहायला जाऊन आला. बारशाच्या दिवशी माझ्या दुकानापुढे एक माणूस येऊन थांबला. धुतलेला कोट, हातात बाळाचं अंगडं. मी ओळखलं, पण नाव आठवेना, आणि 'ए' म्हणायला जीभ वळेना.

"शेटजी," तो म्हणाला, "माह्या भावाचं घर कोन्तं?"

मी दुकान तसंच उघडं टाकलं आणि त्याच्यापुढे चालू लागलो.