शुद्ध भुकटी

सरांचा माझ्यावर संशय होता, आणि तो माझ्या घशाखाली उतरत नव्हता. अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी हंगामी मदतनीस होतो. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे सरांच्या एका शब्दावर होतं.

त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं. सिमेंटही नको आणि विटा भाजायची भट्टीही नको, अशी वीट करायची, हे सरांनी मनावर घेतलं होतं. तुरटीचं पाणी आणि साबणवाल्यांकडे मिळणारं सोडियम सिलिकेट एकत्र केलं की पांढरा लगदा खाली बसायचा. तो धुऊन, वाळवून, भाजून जी भुकटी व्हायची, तिच्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी कालवलं की ती दगडासारखी घट्ट व्हायची. पण भुकटी शुद्ध पाहिजे, तुरटीचा अंशही राहता कामा नये. धुवणाच्या पाण्यात बेरियमच्या द्रावणाचा थेंब टाकायचा. पांढरं झालं तर तुरटी शिल्लक आहे.

सुरुवातीचे लगदे साफ उतरले. मग श्रावणात काय झालं देव जाणे, कितीही धुवा, थेंब पडला की पांढरं. सर म्हणायचे, "अंग राखून धुतोस तू." एकदा तर म्हणाले, "तुम्ही अकोल्याकडचे, खाऱ्या पाण्यावर वाढलेले. शुद्ध म्हणजे काय ते तुम्हाला कसं कळणार?" माझं डोकंच सणकलं. इथं धुऊन धुऊन बोटांची सालटं निघत होती. मग मीही संशय घ्यायला लागलो. आधी चपराशाचा, मग शेवटी सरांचाच. मला काढायला निमित्त हवं, म्हणून हेच मागून काही कालवत असतील. घरी जाताना मी बाटल्यांची तोंडं दोऱ्यानं बांधून ठेवायचो.

पाण्याचा संशय मात्र कुणालाच आला नाही. पाणी ऊर्ध्वपातित करायचं भांडं फुटलं होतं, म्हणून सरांच्या घरून पागोळ्यांचं पाणी यायचं. ते पहिल्याच दिवशी तपासलं होतं, आणि शिवाय ते सरांच्या घरचं.

एक दिवस चपराशी आला नाही, म्हणून घागर आणायला मीच गेलो. सरांच्या आई ओसरीवर बसून पाण्यात हात फिरवत होत्या. हातात तुरटीचा खडा.

"आई, हे काय करून राहिल्या?"

"काय म्हंजे? श्रावण लागल्यापासून छपराच्या कवेलूवरचा कचरा येते बाप्पा पाण्यात. पोरानं शुद्ध पाणी मांगितलं, त्याले गढूळ कसं पाठवू?"

मला हसू आलं, आणि रागानं कानही तापले. घागर घेऊन तडक सरांपुढं उभा राहिलो. काचेच्या नळीत ते पाणी घेतलं, थेंब टाकला. पांढरं. मग खड्याचं सांगितलं.

सर म्हणाले, "नळी नीट धुतली होतीस का?"

"तुम्हीच धुवा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

त्यांनी स्वतः नळी धुतली, स्वतः पाणी घेतलं, स्वतः थेंब टाकला. पांढरं. नळी त्यांनी मोरीत रिकामी केली. मग हळूच म्हणाले, "आईजवळ यातलं काही बोलू नकोस."

मी नाही बोललो. त्याच आठवड्यात माझं नाव वर गेलं आणि मी कायम झालो. पण पुढं जितकी वर्षं मी तिथं होतो, तितकी वर्षं माझ्या हातून नळी घेतली की सर आधी ती उजेडाकडं धरून बघायचे, आणि मग स्वतः पुन्हा एकदा धुवायचे.