बिनइश्यूचे लॉर्ड

जपानमध्ये तू काय करतेस, असं कुणी विचारलं की मी आधी विषय बदलते. खरं उत्तर असं, की मी टोकियोशेजारच्या इचिकावात बसून इंग्लंड-आयर्लंडच्या सरदार घराण्यांची वंशावळ लावते. एकदा पुण्याच्या मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं, तर तिनं विचारलं, "तिकडे थंडी फार आहे का गं?"

पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची, ती नोंदवायची, दुरुस्त होऊन आली की पुन्हा नवी खोट काढायची, हा माझा धंदा. स्वभावालाही तो चांगला मानवला होता. मग नवऱ्याला इथल्या कंपनीत काम मिळालं आणि मी नोकरी सोडून त्याच्याबरोबर आले. पहिली दोन वर्षं कचरा वेगळा करण्यात गेली. जळणारा मंगळवारी, बाटल्या बुधवारी, पुठ्ठे शुक्रवारी, आणि चुकलं की पिशवीवर लाल चिठ्ठी. तिसऱ्या वर्षी नगरपालिकेच्या फलकावर एक कागद दिसला : इंग्रजी वाचणारी व्यक्ती हवी, कॉम्प्युटर यावा, चिकाटी आवश्यक. कचऱ्यानं चिकाटी शिकवलीच होती, म्हणून गेले.

कागद लावणारे गृहस्थ म्हणजे एक्याऐंशी वर्षांचे निवृत्त इंग्रजीचे मास्तर. सगळे त्यांना सेन्सेई म्हणतात, मीही म्हणते. लोक तिकिटं जमवतात, बोनसाय वाढवतात. यांनी चाळीस वर्षं ब्रिटिश आणि आयरिश सरदारांची कुळं जमवली. स्वतः आयर्लंडला कधी गेले नाहीत, कारण विमानाची भीती वाटते आणि बोट लागते. पण तिथल्या एका व्हायकाउंटच्या घराण्यात कुणाच्या थोरल्या मुलानं कुणाच्या धाकट्या मुलीशी लग्न केलं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. सगळी माहिती पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर, आणि कार्डं सेनबेईच्या, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांच्या, रिकाम्या डब्यांत. अर्ल घराण्यांच्या डब्याला अजून सोया सॉसचा वास येतो.

माझं काम ती कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं. वाटलं होतं, महिन्याभरात उरकेल. पण ही माणसं एका नावावर राहतील तर शपथ. जन्मला तेव्हा एक नाव, आजोबा गेले की दुसरं, वडील गेले की तिसरं. आपल्याकडे बायकांची नावं लग्नात एकदा बदलतात तर केवढी बोंब होते; तिकडे पुरुषांची प्रत्येक मयतीला बदलतात आणि कुणी हूं की चूं करत नाही. एका ड्यूकच्या धाकट्या सुनेनं तर मला आठवडाभर छळलं. कार्डावर आधी लेडी आणि पुढे चक्क पुरुषाचं नाव. लेडी चुकून पडलं असेल म्हणून मी तिला पुरुष म्हणून चढवलं. मग तो पुरुष बाळंत झाला, तेव्हा सेन्सेईंना विचारलं. ते म्हणाले, तिथे धाकट्या मुलाच्या बायकोला नवऱ्याच्याच नावानं ओळखतात.

दुसरी भांडणाची जागा म्हणजे कझिन. कार्डावर लिहिलेलं असे, अमक्याच्या पश्चात पदवी कझिनकडे गेली. मी विचारायची, कझिन म्हणजे चुलत, मामे, मावस की आते? सेन्सेई म्हणायचे, कझिन म्हणजे कझिन. "असं कसं चालेल," मी म्हटलं. "मामेभाऊ सरदार होतच नाही, तो दुसऱ्या घरचा. आतेभाऊही नाही." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि नवा रकाना घालायला सांगितला. तेव्हापासून ते 'आतेबाऊ' हा शब्द दिवसातून तीनदा तरी वापरतात, बहुतेक वेळा चुकीच्या माणसासाठी.

हे सगळं चाललेलं असताना माझ्या डोक्यावर दुसरीच एक वंशावळ बसलेली होती. ती आमच्या घरची. सासऱ्यांच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती आणि सासरे त्या कमिटीत. त्यांनी प्रत्येक घराला फॉर्म पाठवला होता. नाव, जन्मगाव, शिक्षण, व्यवसाय, आणि शेवटून दुसरा रकाना, संतती. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, पुण्यात दोनदा आणि टोकियोत एकदा सगळं करून झालं, आणि मग आम्ही दोघांनी बसून थांबायचं ठरवलं. पण हे अजून घरी सांगितलेलं नव्हतं. तिकडे सगळे अजून वाट बघत होते. त्या रकान्यात 'नाही' लिहिलं असतं, तर सासऱ्यांना ते फॉर्मवर वाचून कळलं असतं, आणि पुढे छापलंही गेलं असतं. म्हणून फॉर्म चार महिने माझ्या टेबलावर पडून होता.

नवऱ्याला म्हटलं, तू भर. तो म्हणाला, "लिही ना, लागू नाही." हा माणूस इन्कम टॅक्सच्या फॉर्मवरही तेच लिहील. सासरे दर रविवारी फोन करायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "सूनबाई, तेवढा फॉर्म राहिलाय हं." मी दर रविवारी म्हणायची, "पाठवते बाबा." मला त्यांची भीती वाटत नव्हती. त्यांना वाईट वाटेल याची वाटत होती, आणि ते जास्त वाईट.

आता माझा पराक्रम सांगते. नोव्हेंबरात इचिकावाच्या सार्वजनिक सभागृहात गावातल्या हौशी लोकांचं प्रदर्शन असतं. सेन्सेईंना त्यात त्यांच्या लाडक्या आयरिश घराण्याचा पूर्ण तक्ता लावायचा होता. तेरा पिढ्या, सात मीटर लांब, इंग्रजी आणि जपानी दोन्हीत. मोतीबिंदू वाढत चालला होता, पुढल्या वर्षी दिसेल की नाही कोण जाणे, म्हणून हा तक्ता नीट झाला पाहिजे, असं ते मला रोज बजावत. अवघड जपानी शब्द त्यांनी सांगितले. साधे तू घाल, म्हणाले. जन्म, लग्न, मृत्यू वगैरे.

त्या कार्डांवर बऱ्याच जणांपुढे लिहिलेलं असे, 'डाइड विदाउट इश्यू'. आता दहा वर्षं टेस्टिंग केलेल्या बाईला इश्यूचा अर्थ कुणी शिकवायचा? इश्यू म्हणजे खोट, भानगड, अडचण. आमच्या ऑफिसात दिवसाची सुरुवातच व्हायची, "आज किती इश्यू?" इश्यू नाहीत म्हणजे घरी वेळेवर. तेव्हा विदाउट इश्यू मेला म्हणजे काही त्रास न होता, शांतपणे गेला, हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की शब्दकोश उघडायचा प्रश्नच नव्हता. मला तर त्यांचं कौतुक वाटायचं. नवऱ्याला म्हटलंही, जुनी माणसं बघ, कशी सुखानं जायची. एक लढाईत मेला, विदाउट इश्यू. म्हटलं, चला, गोळी वर्मी लागली असेल. एक समुद्रात बुडाला, विदाउट इश्यू. तिथे जरा थबकले. पण टेस्टरला खोट दुसऱ्याच्या कामात काढायची सवय, स्वतःच्या नाही. एका क्लिकमध्ये अडतीस जणांपुढे मी जपानीत घातलं, 'मोन्दाई नाशी'. काही प्रॉब्लेम नाही.

तक्ता छापून आला. प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते. आम्ही तो सेन्सेईंच्या घरी चटईवर उलगडला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि वळून स्वयंपाकघरात. त्यांच्या बायकोला मी मनातल्या मनात काकू म्हणते. काकूंना इंग्रजी येत नाही, चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचं एकही कार्ड वाचलेलं नव्हतं. आता जपानीत आहे म्हटल्यावर चहाचा ट्रे खाली ठेवून त्या गुडघ्यांवर रांगत वाचायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "हा समुद्रात बुडाला. आणि याला काही प्रॉब्लेम नाही?"

सेन्सेई भिंग घेऊन रांगत गेले. त्यांनी एक वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग मला शांतपणे विचारलं, "तुमच्या मते इश्यू म्हणजे काय?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग वर्गात सांगावं तसं म्हणाले, "या वंशावळींत इश्यू म्हणजे मूलबाळ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात मीटरची चूक, आणि दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कामात. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते सांगते. मला राग आला. नऊ वर्षं नात्यातल्या बायका मला कोपऱ्यात घेऊन विचारत होत्या, "काही इश्यू आहे का गं?" तिकडे ते असणं म्हणजे मूल, इकडे ते असणं म्हणजे माझ्यातली खोट. माझे डोळे भरून आले आणि ते आवरता येईनात.

काकूंना वाटलं, मी चुकीसाठी रडतेय. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता म्हणाल्या, "अडतीस लोक, आणि कुणाला काही प्रॉब्लेम नाही." मग त्यांनी सांगितलं, की सेन्सेई हे या घरचे मूळचे नाहीत. काकू एकुलत्या एक. घराण्याचं नाव चालावं म्हणून काकूंच्या वडिलांनी त्यांना घरजावई करून घेतलं आणि रीतसर दत्तकही घेतलं, आडनावासकट. घराणं पुढे न्यायचं, एवढ्या एका कामासाठी आणलेला माणूस. आणि यांना मूल झालं नाही. वडील जाईपर्यंत दर नव्या वर्षाला जेवताना दोघांकडे बघायचे, बोलायचे काही नाही. "मला तेव्हा कुणीतरी हे लिहून द्यायला हवं होतं," काकू तक्त्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "राहू दे ना असंच."

"छे," सेन्सेई म्हणाले. "चूक ती चूक."

"बघायला येणार कोण आहे?"

"मी आहे."

दोघांची चांगलीच जुंपली. मी मध्ये बसून नाक पुसत होते. शेवटी सेन्सेई जिंकले, कारण तक्ता त्यांचा. ते मला म्हणाले, तिकडे बाहेरून कुणाला आणून पदवी देता येत नाही. घराणं संपलं की संपलं असं लिहितात आणि पुढच्या घराण्याकडे वळतात, कुणाला दोष देत नाहीत. "म्हणूनच मला ही माणसं आवडली, आणि म्हणूनच ते खरं लिहायला हवं." दुसऱ्या दिवशीपासून आम्ही तिघं बसलो. काकूंनी कागदाचे तुकडे कापले, सेन्सेईंनी ब्रशनं 'मूल नाही' असं अडतीस वेळा लिहिलं, मी चिकटवलं. प्रदर्शनाला अकरा माणसं आली. त्यातली तीन पुष्परचनेची खोली शोधत होती.

तक्ता गुंडाळून घरी आले आणि चहा व्हायच्या आत फॉर्म भरला. संतती : नाही. खाली कंसबिंस काही नाही. फोटो काढून पाठवला, आणि फोन उलटा करून ठेवला.

सासऱ्यांचा फोन रविवारीच आला, नेहमीच्या वेळेला. इकडची तिकडची हवा झाली. मग म्हणाले, "फॉर्म मिळाला. एक रकाना मोकळा आहे."

"मोकळा नाही बाबा. नाही असं लिहिलंय. आम्ही दोघांनी ठरवलंय आता."

"ते वाचलं गं." ते म्हणाले. "तो रकाना नव्हे. व्यवसाय. तिथे नुसती रेघ मारली आहेस."

नोकरी सोडली तेव्हापासून मी सगळीकडे रेघच मारत आले होते. म्हटलं, व्यवसाय असा काही नाही, आणि मग सांगितलं काय करते ते. डबे, कार्डं, व्हायकाउंट, आतेभाऊ, आणि ते अडतीस जणही. इश्यूचा घोळही सांगितला. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे तू त्यांच्या कुलवृत्तांताच्या कमिटीवर आहेस?"

"हो म्हणायला हरकत नाही."

"किती जण आहात?"

"तिघं."

"तेरा पिढ्या तिघांत?" ते म्हणाले. "आम्ही चौदा जण आहोत आणि सहा वर्षं आडनावाच्या उगमावरच अडलोय."

मग ते म्हणाले, "तुमच्या नोंदीखाली मी छापखान्याला जागा सोडायला सांगितली होती. दोन इंच. पुढेमागे नातवंडांची नावं घालायला म्हणून."

मी बोटांनी टेबलावर दोन इंच मोजून पाहिले.

"तिथे आता तुझं हे काम घालतो. लिहून पाठव. दोन इंचांत बसेल का?"

बसवते, म्हटलं. फोन कानाला धरूनच कागद पुढे ओढला, आणि तेही फोन ठेवत नव्हते.