कोंडीचे तळपाय

१९४६च्या हिवाळ्यात मुंबईच्या एका कॉलेजच्या मुली दहिवलीच्या माळावर गोल्फ शिकायला आल्या. शिकवायला बूटवाले साहेब होते, गवत कापायला कोंडी कातकरीण. हे काम सुटलं तर तिला कोळशाची भट्टी ठरलेली. मुलींचा चेंडू भोक सोडून ओढ्याकडेच पळायचा. साहेब पुस्तकात बघायचे, मुली साहेबांकडे.

"बूट काढ गं बाय," कोंडी एकीला म्हणाली, "उतार तळपायाला कळतो."

तिनं काढले आणि चेंडू सरळ भोकात! दुसऱ्या दिवशी साऱ्याच अनवाणी. तिसऱ्या दिवशी एकीच्या पायात काटा मोडला. साहेबांनी कोंडीला हाकललं.

"काटा तरी काढते की!" ती म्हणाली. कातकरणीपुढे कुणी पाय केला नाही.

पुढच्या हिवाळ्यात साहेब नव्या मुलींना ऐटीत सांगत होते, "बूट काढा!" तोवर भट्टीच्या निखाऱ्यांनी कोंडीचे तळपाय पार बधिर झाले होते.