बटणावर चढलेली गाठ

आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीने काल ग्रीसचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावातल्या कापूस-गोदामात जाऊन पोहोचलो. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी घराण्यातला पहिला इंजिनिअर. गोदामातल्या यंत्रांची देखभाल माझ्याकडे होती.

महादूकाका तिथले हमाल. माझे वडील गेल्यावर पाठीवर कापसाच्या गाठी, म्हणजे गासड्या, वाहून त्यांनीच मला शिकवलं. गाठी उचलणारं विजेचं यंत्र मी बसवलं, तेव्हा हमालांनीच त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला. पहिलं बटण मी मानाने काकांना दाबायला लावलं. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते आणि त्यांतून ती भली मोठी गाठ अलगद वर गेली.

"अबे, हे तं कुंथतबी नाई!" काका म्हणाले. सगळे खो खो हसले.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब म्हणाले, "उद्यापासून चार माणसं पुरतील. तरणीच ठेवा."

केस पिकलेल्या काकांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बापू, हे कधी बिघडते का नाई रे?"

ते बिघडू न देणं हीच तर माझी नोकरी होती.

मी तिथे होतो तोवर ते यंत्र एक दिवसही बंद पडलं नाही. आणि खरं सांगतो, त्या वर्षांत मला त्याचा अभिमानच वाटे.