शून्य–एक, आणि ते तसंच राहील

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होतो. आमच्या संघाचा जुना कर्णधार सलीम पलीकडून इतकंच म्हणाला, "मास्तर, आप्पा गेले..." आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो रजिस्टरचा. माणूस गेला आणि मला वही आठवली, याची त्या दिवशी लाज वाटली होती. आता वाटत नाही. लक्ष्मण आप्पा कोळप्यांना ओळखणारा कुणीही सांगेल, ते लाल बांधणीचं लांबट रजिस्टर आप्पांपासून वेगळं काढताच येत नव्हतं. आदल्याच आठवड्यात मी त्यांना भेटलो होतो. खाटेवर उठून बसायचंही बळ नव्हतं. मी टेकायच्या आत त्यांनी विचारलं, "रविवारी काय झालं?" म्हटलं, "हरलो आप्पा, दोन-शून्य." "लिवलं का?" मी हो म्हणालो, तेव्हा कुठं त्यांनी पाणी मागितलं.

आप्पा रेल्वेत मालगाडीचे गार्ड. मूळचे भीमाकाठच्या राहू गावचे, आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. दौंडला नोकरी लागली, तिथल्या रेल्वेवाल्यांचा फुटबॉल पाहिला आणि माणूस जो बिघडला तो कायमचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी भीमाकाठ फुटबॉल क्लब काढला. खेळाडू कोण, तर लोको शेडमधले दोन फिटर, सणसवाडीच्या कारखान्यात शिफ्ट करणारे बिहार-बंगालचे तिघेचौघे, शिरूरचा एक टायरवाला, राहूचे शेतकरी, आणि गोलात मी, तळेगावच्या शाळेतला मास्तर. पुढे एका ठेकेदाराने पाच-सहा जणांना दरमहा पगार सुरू केला आणि आमचा क्लब व्यावसायिक झाला. म्हणजे सकाळी म्हशीची धार काढायची आणि दुपारी व्यावसायिक व्हायचं. क्रिकेटनं झपाटलेल्या आणि कबड्डीलाच खेळ मानणाऱ्या आमच्या मुलखात लोक आम्हाला 'चड्डीतली सर्कस' म्हणायचे. आप्पा त्यांना बजावायचे, "हसा, पर रेषेच्या भाईर उभं ऱ्हाऊन हसा."

सामना संपला की चहाच्या आधी रजिस्टर. तारीख, समोरचा संघ, निकाल एवढं आप्पा लिहायचे. आमच्यावर झालेला गोल मात्र ज्याच्या चुकीनं झाला त्यानंच, आपल्या हातानं लिहून सही करायची. दुसऱ्याची चूक कुणी लिहायची नाही आणि एकदा लिहिलेलं कुणी खोडायचं नाही, आप्पांनीसुद्धा. बंगालचा बिमल बंगालीत लिहायचा. हे वाचणार कोण, असं कुणी विचारलं तर आप्पा म्हणायचे, "त्याला वाचता येतंय न्हवं? मग झालं." टायरवाल्यानं एकदा 'डोळ्यांवर ऊन आले' असं लिहिलं. आप्पांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ऊन आपल्या टीमकडनं खेळत हुतं व्हय?" गड्यानं निमूटपणे खाली दुसरी ओळ लिहिली. अशी ती वही वाढत गेली. जिंकलेलं थोडं आणि हरलेलं पुष्कळ, पण सगळं खरं.

आमचं मैदान दौंडच्या मालधक्क्यामागं. यार्डात दिवसभर गार्डांच्या शिट्ट्या चालायच्या, त्यांच्याकडे आमचं लक्षही नसायचं. पण सरावाला पंच आप्पाच, आणि शिट्टी त्यांची रेल्वेचीच. लांब फुंकायची आणि शेवटी कापल्यासारखी तोडायची, ही त्यांची पद्धत. ती वाजली की असू तिथं थांबायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. एका वर्षी आम्ही जिल्ह्याच्या चषकात चक्क अंतिम सामन्यापर्यंत गेलो, आणि सामना आमच्याच मैदानावर ठेवला गेला. आप्पांनी रजा मागितली होती, मिळाली नाही. शून्य-शून्य, शेवटची पाचेक मिनिटं. पुण्याच्या संघाचा एक जण चेंडू घेऊन आत शिरला, मी झेप घ्यायला वाकलो... आणि यार्डातून ती शिट्टी आली. आप्पांची गाडी सुटत होती. आमचे अकराच्या अकरा जागच्या जागी थांबले. मी हात खाली सोडले. पुण्याच्या गड्याला त्या शिट्टीशी काही देणंघेणं नव्हतं, त्यानं चेंडू शांतपणे जाळीत ढकलला. पंचांनी गोल दिला, आणि बरोबरच दिला. शेवटच्या डब्याच्या दारात आप्पा हिरवा बावटा धरून उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं, आणि गाडी त्यांना घेऊन निघून गेली.

मी रजिस्टरात लिहिलं, 'गोलकीपरने हात सोडले,' आणि सही केली. तीन दिवसांनी आप्पा परत आले ते डोक्यावरची टोपीही न काढता मैदानावरच. माझी ओळ वाचली आणि तिच्याखाली लिहिलं, 'शिट्टी माझी. चूक माझी. ल. कोळपे, गार्ड.' मी भांडलो, म्हटलं, "आप्पा, ती तुमची ड्युटी होती." ते म्हणाले, "ड्युटी रेल्वेची, मास्तर. पर त्या शिट्टीवर थांबायची सवय तुमाला कुणी लावली?" त्यानंतर सरावाला ते शिट्टीऐवजी रुमाल हलवायचे. रुमाल दिसायला मान वर करून खेळावं लागे, आणि त्यानं आमचा खेळ सुधारला. पण चषक कधीच आमच्या वाट्याला आला नाही.

आता त्या मैदानावर दुकानांचे गाळे बांधायचं घाटतंय. क्लबचे सध्याचे अध्यक्ष राजकारणातले. दोनेक वर्षांपूर्वी ते आप्पांकडे आले, तेव्हा मी तिथंच होतो. "आप्पा, फक्त एक ओळ बदला. शिट्टीमुळं वाद झाला, चषक दोघांना विभागून दिला, असं करा. तो पुण्याचा संघ कवाच बंद पडलाय, इचारतंय कोण? जिल्हा जिंकलेल्या क्लबचं मैदान म्हणून अर्ज करू, कुणी हात लावणार न्हाई." आप्पांनी रजिस्टर मांडीखाली घेतलं. "जितल्याल्यांनाच मैदान लागतं व्हय? मग हरल्याल्यांनी खेळायचं कुठं?"

शोकसभेत त्याच अध्यक्षांनी सांगितलं, "आप्पांनी या मातीला जिल्ह्याचा चषक जिंकून दिला." सभागृह गच्च भरलं होतं. सलीमनं माझ्याकडे पाहिलं. मी उठायला हवं होतं. पण मनात आलं, एवढ्यानं मैदान वाचत असेल तर... आणि मी बसून राहिलो. निघताना आप्पांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, टॉवेलात गुंडाळलेलं रजिस्टर माझ्या हातात दिलं. "ह्ये तुमच्याकडं ठिवायला सांगितलं हुतं त्यांनी." मग म्हणाल्या, "मघाशी त्ये चषकाचं बोलले, तवा मला वाटलं, मास्तर आता उठत्याल..."

घरी येऊन मी रजिस्टर उघडलं आणि त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिलं, 'शोकसभा. आपण चषक जिंकलो असे अध्यक्ष म्हणाले. मी गप्प बसलो. चूक माझी.' खाली सही केली. पण खोटं भरल्या सभेत बोललं गेलं आणि खरं एका वहीत मिटून राहावं, हे काही आप्पांना चाललं नसतं. म्हणून हे इथं छापून सांगतो. अंतिम सामना आम्ही हरलो. शून्य–एक. मैदानासाठी आम्ही भांडणार आहोत, सलीम आणि मी अर्ज लिहायला घेतला आहे, आणि त्यात हाच निकाल आहे.

आप्पांवर काढायच्या स्मरणिकेसाठी अध्यक्षांचा माणूस दोनदा रजिस्टर मागून गेला. दिलं नाही, देणारही नाही. ते माझ्या टेबलावर, शाळेच्या पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी असतं. वाचायला कुणीही यावं. पेन मात्र त्यानंच आणावं, ज्याला स्वतःची चूक लिहायची आहे.